आचका

गौरी-गणपती आटोपून दोन-तीन रविवार झाले असतील. सकाळी दहाच्या सुमाराला आमची सौ. आणि मी बुलेटवरून तिच्या बहिणीकडे निघालो होतो. आमच्या गल्लीतून मोठ्या रस्त्यावर यायचं म्हणजे आधी उजवीकडे पाहायचं, मग डावीकडे पाहायचं, मग देवाचं नाव घ्यायचं आणि मूठ पिळायची, असा गेल्या पुष्कळ वर्षांचा क्रम आहे. त्या दिवशीही तो बिनचूक पार पडला. उजवीकडून एक टेम्पो येत होता, पण चांगला लांब होता. मी रेस दिली, क्लच सोडला, गाडी दोन हात पुढे सरकली आणि रस्त्याच्या ऐन मध्यावर तिनं आचका दिला.

ज्यांनी कधी मोटारसायकल चालवली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आचका देणं आणि बंद पडणं या दोन गोष्टी वेगळ्या. बंद पडलेली गाडी निदान स्पष्टपणे बंद पडते; तिला ढकलता येतं. आचका देणारी गाडी घास तोंडाशी नेता नेता काहीतरी आठवून थांबलेल्या माणसासारखी थांबते. मूठ पिळलेली, इंजिन चालू, आणि गाडी जागच्या जागी. हे सगळं फार तर सेकंद-दीड सेकंद. मग ती खडबडून जागी झाल्यासारखी उसळली आणि आम्ही पलीकडच्या फुटपाथला लागलो. टेम्पोवाल्यानं करकचून ब्रेक लावून टेम्पो आमच्या मागच्या मडगार्डापासून वीतभर अंतरावर उभा केला होता. तो आम्हांला जे काही बोलला ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. पण त्यातला एकही शब्द मला अन्यायाचा वाटला नाही.

सौ. काहीच बोलली नाही. बहिणीकडे नेहमीसारखी हसली, साबुदाण्याची खिचडी खाल्ली, पाककृतीची चौकशी केली. परत निघताना मात्र ती म्हणाली, "अहो, तुम्ही व्हा पुढं. मी रिक्षानं येते." संध्याकाळी दिवेलागणीला एवढंच म्हणाली, "मी आता त्या गाडीवर बसायची नाही."

ही गाडी १९८७ सालची आणि आमचं लग्न १९८८ सालचं. ज्येष्ठतेच्या क्रमानं गाडी आधी, असं मी लग्नानंतर बरीच वर्षं विनोदानं म्हणत असे आणि ती ते ऐकून घेत असे. मुलाला दवाखान्यात न्यायचं, आईला रेल्वेवरून आणायचं, दिवाळीचा किराणा, भाड्याच्या दोन खोल्यांतून या घरात आणलेला देव्हारा, सगळं तिच्या मांडीवर आणि गाडीच्या पाठीवर आलेलं. त्या बाईनं इतक्या वर्षांनी बसायची नाही म्हणावं, याचा अर्थ मला कळत होता. मुलाचा बंगळूरहून फोन आला. आईनं आधीच सांगितलं असावं. "बाबा, विकून टाका आता. चांगली किंमत येते हल्ली जुन्या बुलेटला." मी म्हटलं, "दिवाळीपर्यंत बघतो." काय बघतो, हे मलाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाडी एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या तरुण कारागिरानं गाडी स्टँडवर लावली, कार्बोरेटरला बाहेरून दिसणारे दोन्ही स्क्रू सराईतपणे इकडेतिकडे फिरवले, दोन-चारदा घर्र घर्र रेस दिली आणि "झालं साहेब" म्हणून पैसे घेतले. गाडी उभ्या उभ्या जरा जोरात धडधडू लागली होती. आचका थोडा कमी झाल्यासारखा वाटला. त्यानं केलं होतं ते इतकंच, की 'स्लो'चा स्क्रू आत घालून इंजिनचा उभा वेग वाढवला होता, हे मला पुढं कळलं. रेसची झडप मुळातच थोडी उघडी ठेवली की आचका जिथं बसलेला असतो ती पायरी गाडी आधीच ओलांडून उभी राहते. दुखणं तिथंच. फक्त रोग्याला बाजूला बसवलेलं. चार दिवसांनी आचका पुन्हा हजर झाला.

मग मी स्वतः कामाला लागलो. इथून पुढं जे सांगणार आहे ते कोणी करू नये म्हणून सांगतो आहे.

बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून मी कार्बोरेटर उघडला. (ही पहिली चूक. घरात पेट्रोलचा वास कोंडला आणि तिकडं देवापाशी निरांजन तेवत होतं. सौ.नं आधी निरांजन शांत केलं, मग मला वर्तमानपत्रासकट अंगणात घालवलं.) कार्बोरेटरच्या पोटात एक छोटी वाटी असते आणि तिच्या आसपास दोन-तीन पितळी खिळे. या खिळ्यांना जेट म्हणतात. त्यांतला सर्वांत बारका तो पायलट जेट. माझ्या जेटवर २५ हा आकडा कोरलेला होता. आकडा जितका मोठा तितकं त्याचं भोक मोठं. मी तो उजेडाकडे धरून पाहिला तर उजेड दिसेना. पावसाळाभर गाडी बहुतेक उभीच होती. वाटीतलं पेट्रोल उडून गेलं होतं आणि मागं डिंकासारखा पिवळट चिकटा राहिला होता. मला मोठा शोध लागल्यासारखं झालं. मी माळ्यावरून जुन्या स्टोव्हची पिन शोधून काढली आणि लहानपणी आईचा स्टोव्ह साफ करीत असे तसं ते भोक खसाखसा टोचलं. उजेड दिसला. चांगला भरपूर दिसला.

स्टोव्हच्या निपलाला पिन चालते, कारण ती त्याच्याच मापाची केलेली असते. पायलट जेट मऊ पितळेचा आणि भोक केसाएवढं. त्यात पोलादी पिन घातली की ते साफही होतं आणि मोठंही होतं. गाडी आता उभ्या उभ्या घरघरू लागली, सायलेन्सरमधून काळा धूर येऊ लागला, प्लग काढून पाहिला तर काजळी धरलेल्या दिव्याच्या काचेसारखा. त्यातच प्रदूषणाच्या दाखल्याची मुदत संपली. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाक्यांच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्क्यांपर्यंत चालतो. माझ्या गाडीनं ती मर्यादा इतक्या सहज ओलांडली की दाखला देणाऱ्या मुलानं नळी काढून पुन्हा एकदा घालून पाहिली. आणि आचका? तो होता तसाच होता. म्हणजे एका दुखण्याची मी दोन दुखणी केली होती.

शेवटी शेजारच्या एका गृहस्थांनी नाना पेठेच्या मागच्या अंगाला राहणाऱ्या एका जुन्या मिस्त्रींचं नाव सुचवलं. वय ऐंशीच्या पुढं. गॅरेज केव्हाच बंद केलेलं. जावा, राजदूत, बुलेट यांच्यावर सारा जन्म गेलेला. मी गाडी घेऊन गेलो तेव्हा ते पायरीवर बसून शेंगा सोलत होते. मी सगळी हकीकत सांगितली, टेम्पोसकट. त्यांनी ऐकून घेतली आणि विचारलं,

"आचका कुठं देते?"

"चौकात. सिग्नलला. रस्ता ओलांडताना."

"रस्त्यातलं नको साहेब. मुठीतलं सांगा."

मला प्रश्न कळला नाही. मिस्त्रींनी शेंगा बाजूला ठेवल्या. ते म्हणाले, "कार्बोरेटर म्हणजे एक यंत्र नाही, चार आहेत. मूठ किती पिळली त्याप्रमाणं एकेक जण कामाला लागतो. कोण चुकतोय ते कळल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही. घरी जाऊन बघा, आणि मग या."

त्यांनी रीतही सांगितली. रेसच्या मुठीवर एक खूण करायची आणि तिच्या शेजारच्या, न फिरणाऱ्या भागावर चार खुणा: मूठ बंद, पाव उघडी, अर्धी, पाऊण, आणि पूर्ण उघडी ती शेवटची धार. मग मोकळ्या रस्त्यावर सावकाश जायचं आणि आचका आला की कोणती खूण कोणासमोर आहे ते पाहायचं. मी घरी येऊन खुणांसाठी काहीतरी शोधू लागलो. खडू पुसला जाई, चिकटपट्टी सुटे. आरशाच्या कडेला सौ.च्या टिकल्यांचं पाकीट होतं. त्यातल्या पाच लाल टिकल्या मी न विचारता घेतल्या.

आता हे चार जण कोण, ते मिस्त्रींनी जसं मला सांगितलं तसंच सांगतो, कारण त्यात सगळी गोम आहे.

इंजिन खाली श्वास ओढतं तेव्हा हवा कार्बोरेटरच्या गळ्यातून जाते. गळा अरुंद असल्यामुळं तिथं तिचा वेग वाढतो आणि दाब घटतो. व्हेंचुरी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञानं हे १७९७ साली लिहून ठेवलं, तेव्हा मोटारसायकल कोणाच्या स्वप्नातही नव्हती. दाब घटला की खालच्या वाटीतलं पेट्रोल आपोआप वर ओढलं जातं आणि हवेबरोबर तुषार होऊन निघतं. मूठ पिळल्यावर जी सरकती झडप वर उचलली जाते ती या गळ्याचीच. झडप जवळजवळ मिटलेली असताना पेट्रोल पुरवतो तो पायलट जेट. ती पावभर उचलली जाईपर्यंत झडपेच्या खालच्या कडेचा तिरपा काप हवेचं प्रमाण ठरवतो. पाव ते पाऊणपर्यंत झडपेला लटकलेली एक निमुळती सुई आपल्या भोकातून वर येत जाते आणि जेवढी वर येते तेवढी पेट्रोलला वाट देते. पाऊणच्या पुढं मोठा जेट, ज्याला मेन म्हणतात. या चौघांच्या हद्दी एकमेकांत थोड्या मिसळलेल्या असतात, वाड्यातल्या बिऱ्हाडांसारख्या. पण भांडण कोणाच्या दारात चाललंय ते आवाजावरून कळतं.

आणि मूठ झटकन पिळली की आचका का येतो? हवा हलकी, पेट्रोल जड. झडप उचलल्याबरोबर हवा तत्काळ धावते. पेट्रोल वाटीतून उठून येईपर्यंत क्षणभर मागं राहतं. शिवाय गळा एकदम मोठा झाला की हवेचा वेगही पडतो आणि ओढ कमी होते. मोटारींच्या कार्बोरेटरमध्ये या क्षणासाठी एक छोटा पंप असतो, तो पेट्रोलची चिळकांडी मारतो. माझ्या बुलेटच्या साध्या कार्बोरेटरला असा पंप नाही. तिनं तो क्षण आपल्या जवळच्या पुंजीवर निभावून न्यायचा. सगळं ठीक असेल तर निभतो, चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मिश्रण आधीच जरा पातळ असेल तर मात्र त्या क्षणी ते इतकं पातळ होतं की पेटत नाही. ठिणगी पडते आणि इंजिनच्या हाती काही लागत नाही.

टिकल्या लावून मी पहाटे साडेपाचला निघालो. दोन फेऱ्यांतच दिसलं की आचका एक नसून दोन होते. एक अगदी सुरुवातीला, मूठ जरा हलवली की. दुसरा पाव आणि अर्ध्याच्या दरम्यान. इतकी वर्षं गाडी चालवून मला हे ठाऊक नव्हतं. मी त्या दोघांना एकच समजत होतो.

मिस्त्रींकडे परत गेलो. टिकल्या पाहून ते गालात हसले, पण काही बोलले नाहीत. त्यांनी कार्बोरेटरकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी पॉइंट उघडले, त्यांतली फट पट्टीनं मोजली. ती असावी ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, निघाली बरीच कमी. ती नीट केली. "आधी वीज, मग हवा, मग पेट्रोल," ते म्हणाले. "लोक उलटीकडून सुरू करतात." मग गाडी चालू करून त्यांनी साबणाचं पाणी मागवलं आणि इंजिन व कार्बोरेटर यांच्यामधल्या रबरी सांध्यावर हळूहळू सोडलं. धडधडणाऱ्या इंजिनचा आवाज एकदम बदलला, खालच्या पट्टीत गेला, आणि पाणी ओघळून गेल्यावर पुन्हा वर चढला. त्यांनी सांधा काढून बोटांत वाकवला. आतल्या बाजूनं नखाएवढी चीर होती. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. त्या चिरेतून इंजिन चोरून हवा पीत होतं आणि ती हवा कोणत्याच हिशेबात धरलेली नव्हती. या तपासाला कोणी कोणी पेट्रोल शिंपडतात. ते गरम इंजिनवर पेटतं, म्हणून कोणी करू नये.

नवा सांधा आणि २५ आकड्याचा नवा पायलट जेट नाना पेठेत एकाच दुकानात मिळाला. माझा टोचलेला जेट मिस्त्रींनी खिशात टाकला. "पोरांना दाखवायला," म्हणाले. कोणाच्या पोरांना, हे मी विचारलं नाही.

हवेचा स्क्रू लावायची त्यांची रीत पाहण्यासारखी होती. इंजिन चांगलं तापू दिलं. स्क्रू हलक्या हातानं पूर्ण आत बसवला आणि अर्धा अर्धा आटा बाहेर काढत गेले. प्रत्येक वेळी हात बाजूला घेऊन इंजिन काय म्हणतं ते ऐकायचं. एका जागी ते सर्वांत भरभर आणि सर्वांत सरळ चालू लागलं, तिथं थांबले. आटे मोजले तर दीड. "एक ते अडीचच्या आत थांबलं तर जेट बरोबर. त्याच्या अलीकडं थांबलं तर जेट लहान, पलीकडं गेलं तर मोठा. तुमचा तो टोचलेला कुठंच थांबला नसता." मग 'स्लो'चा स्क्रू मागं घेऊन गाडी पुन्हा आपल्या जुन्या, सावकाश, टांग्याच्या घोड्यासारख्या ठेक्यावर आणून ठेवली. हा ठेका मी महिनाभर ऐकला नव्हता.

पहिला आचका गेला. दुसरा राहिला.

"पुढचं तुमचं तुम्ही करा," मिस्त्री म्हणाले. "फक्त एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि काय केलं ते लिहून ठेवायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कोणाचा आणि दोष कोणाचा ते ब्रह्मदेवाला कळणार नाही."

दोन दिवस मी वहीत नोंदी करीत होतो. थंड गाडीला दुसरा आचका जास्त, तापलेल्या गाडीला कमी. चोक अर्धवट ओढून पाहिला तर जवळजवळ नाहीसाच. कधीमधी कार्बोरेटरमधून 'फट्' अशी शिंक. धूर नाही. ही सगळी मिश्रण पातळ असल्याची लक्षणं. जाड मिश्रणाची उलट असतात: तापल्यावर वाढतं, काळं ओकतं, आणि पेट्रोलची तोटी बंद करून वाटीतली पातळी उतरू दिली तर घटकाभर सुधारतं. माझी गाडी तोटी बंद केल्यावर आणखी बिघडली. म्हणजे पातळच. पण का? सुई तीच, खाच तीच, १९८७ पासून कोणी हात लावला नव्हता. सांधा नवा. मी वही पुढ्यात घेऊन जेवायच्या टेबलाशी बसलो होतो.

सौ. तांदूळ धूत होती. इतके दिवस तिनं या प्रकरणात एक शब्द काढला नव्हता. ती म्हणाली, "पाच टिकल्या गेल्या माझ्या."

मी म्हटलं, "हो."

"काय म्हणतेय?"

मी सांगितलं. सुई, खाच, पातळ मिश्रण. तिनं ऐकलं. पातेल्यात पाणी ओतता ओतता थांबली आणि बोटाच्या पेरानं पाणी मोजून थोडं काढून टाकलं. "हा नवा तांदूळ आहे," ती म्हणाली. "जुन्याइतकं पाणी घातलं तर गिच्च होतो. तांदूळ बदलला की माप बदलावं लागतं. तुमचं पेट्रोल तेच आहे का?"

पेट्रोल ते नव्हतं. मी वर्तमानपत्रात वाचलं होतं, पंपावर पाटी पाहिली होती, त्यावर कट्ट्यावर वादही घातला होता, आणि तरी दोहोंचा संबंध माझ्या डोक्यात आला नव्हता. २०२५ साली आपल्याकडे पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट गाठलं गेलं. एक किलो निव्वळ पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळं त्याला ९ किलो पुरते. वीस टक्क्यांच्या मिश्रणाला हिशेबानं साडेतेराच्या आसपास हवी. माझी सुई मात्र १९८७ च्या मापानंच वाढत होती. म्हणजे इंजिनला लागतं त्याहून सात-आठ टक्के कमी. धडधाकट असताना एवढी उपासमार गाडी अंगावर काढते. मूठ झटकन पिळायच्या क्षणी ती काढता येत नाही. नव्या गाड्यांचा प्रश्न वेगळा. १ एप्रिल २०२० ला भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्यांच्या सायलेन्सरच्या नळीत एक जाणता बसवलेला असतो, तो धूर हुंगून पेट्रोलचं माप आपण होऊन बदलतो. माझ्या गाडीत तो जाणता म्हणजे मी, आणि मला सर्दी झालेली.

इथेनॉलला मी सगळा दोष देत नाही. पॉइंट माझ्या आळसानं बिघडले होते आणि जेट माझ्या हातानं. पण इथेनॉल पाणी शोषून घेतं आणि काही जातींच्या जुन्या रबराला ते सोसत नाही, हेही खरं. जुनी गाडी बाळगणाऱ्यांनी पेट्रोलच्या नळ्या आणि वाटीचं रबर वर्षातून एकदा हातानं दाबून पाहावं, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करून ठेवावी. ऊस आमच्याच कोल्हापूर-सांगलीकडचाही असणार. टाकीत का होईना, माहेरचा माणूस आला म्हणायचा.

सुईच्या डोक्याशी पाच खाचा असतात आणि त्यांतल्या एकीत बारीकशी चिमटी बसवलेली असते. माझी मधल्या, तिसऱ्या खाचेत होती. चिमटी एक खाच खाली सरकवली की सुई तेवढीच वर राहते आणि पेट्रोलला जास्त वाट मिळते. या वेळी मी अंगणात बसलो, चिमटी उडून जाऊ नये म्हणून पंचा पसरला, आणि वहीत तारीख घालून लिहिलं: 'तिसरीतून चौथीत.' दुसरं काही केलं नाही.

पहाटे निघालो. पाव टिकली, अर्धी टिकली. मुद्दाम झटक्यानं मूठ पिळली. गाडी निघाली. पुन्हा थांबून पिळली, पुन्हा निघाली. तशीच कात्रजच्या जुन्या घाटाकडे वळवली, कारण मेन जेटची परीक्षा चढावर पूर्ण मूठ पिळूनच होते. घाट तिनं एका दमात घेतला. वर जाऊन, इंजिन बंद करून प्लग काढला. त्याचं नाक भाजलेल्या भाजणीच्या रंगाचं होतं. मी चहा प्यायलो आणि तो प्लग रुमालात गुंडाळून शेजारी ठेवून उगीच त्याच्याकडे पाहत बसलो. त्याच आठवड्यात प्रदूषणाचा दाखलाही मिळाला. तोच मुलगा होता, या वेळी त्यानं नळी एकदाच घातली.

घरी मी विशेष बोललो नाही. मुलाला फोनवर सांगितलं की अजून बघतो आहे. सौ. रोज संध्याकाळी मी गाडी घेऊन परत येताना फाटकापाशी असे. तुळशीला पाणी घालण्याची ती वेळ असावी. एक दिवस म्हणाली, "आवाज पहिल्यासारखा येतोय." मी "हो" म्हटलं. तिनं आणखी काही विचारलं नाही.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी भाजणी दळून आणायची होती. रिक्षा मिळेना. ती डबा घेऊन अंगणात आली, गाडीकडे पाहिलं, मुठीवरच्या टिकल्यांकडे पाहिलं. एक सुटायला आली होती, ती तिनं अंगठ्यानं दाबून बसवली. मग पदर खोचला आणि मागं बसली. नेहमी तिचा हात माझ्या खांद्यावर असतो. त्या दिवशी तिनं सीटचं मागचं कडं धरलं होतं, हे मला न पाहताही कळत होतं.

गल्लीच्या तोंडाशी आलो. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. एक बस गेली, दोन मोटारी गेल्या. रस्ता रिकामा झाला. पुन्हा उजवीकडे पाहिलं. लांब कुठंतरी एक टेम्पो होता. तो येऊन जाऊ दिला. पुन्हा रस्ता रिकामा झाला. खाली गाडी संथपणे धडधडत होती, मूठ माझ्या हातात होती, आणि मी पाय टेकून उभा होतो.

मागून एकानं हॉर्न दिला, मग दुसऱ्यानं. कड्यावरचा हात सुटला आणि माझ्या खांद्यावर आला.

"अहो, लोक खोळंबलेत," ती म्हणाली. "द्या की रेस."